पायथन कमांड प्रॉम्प्टवरून चालत नाही: वारंवार येणाऱ्या तक्रारींचे निवारण

‘पायथन इन्स्टॉल केले आहे, पण चालत नाही’ ही तक्रार गोव्यातल्या संगणक प्रयोगशाळांत शैक्षणिक वर्षाच्या आरंभी ऐकू येते आणि चतुर्थीच्या सुटीत विद्यार्थी घरच्या लॅपटॉपवर प्रकल्प करायला बसले की पुन्हा सुरू होते. तक्रार एकाच वाक्यात सांगितली जात असली तरी तिच्यामागची कारणे निरनिराळी असतात, आणि एका कारणावरचा उपाय दुसऱ्याला लावल्याने गुंता वाढतो. पायथन काढून टाकून पुन्हा इन्स्टॉल करणे हा सर्वांत लोकप्रिय उपाय आहे. पण त्याने मूळ अडचण क्वचितच जाते, आणि बरेचदा पहिले पायथन पूर्णपणे न निघाल्यामुळे एकाच संगणकावर दोन पायथन नांदू लागतात. म्हणून काहीही काढण्यापूर्वी आपण टंकलेली ओळ नेमके कोण वाचत आहे, ती कोणत्या पायथनकडे जात आहे आणि कोणत्या फोल्डरमधून जात आहे, एवढे तपासून घ्यावे, असे माझे मत आहे. पुढील विवेचन त्याच क्रमाने केले आहे आणि ते मुख्यतः विंडोजवर काम करणाऱ्यांसाठी आहे.

लेखनाबाबत एक खुलासा आवश्यक आहे. येथे सर्व आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत; प्रत्यक्षात त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकायच्या आहेत. जेथे मोठी अक्षरे लागतात तेथे तसे सांगितले आहे. ‘पीवाय’ म्हणजे पी आणि वाय ही दोनच अक्षरे, हेही लक्षात ठेवावे. उदाहरणासाठी माटोळीला, म्हणजे चतुर्थीत गणपतीच्या वर बांधतात त्या फळापानांच्या चौकटीला, बांधायच्या सामानाची यादी छापणारा एक लहानसा प्रोग्राम घेतला असून त्याच्या फाईलचे नाव माटोळी.पीवाय असे धरले आहे.

ओळ कोण वाचत आहे?

कमांड प्रॉम्प्ट उघडल्यावर डावीकडे जी खूण दिसते, ती पाहण्याची सवय फार थोड्यांना असते. सगळ्यांचे लक्ष त्रुटीच्या संदेशाकडे जाते. वास्तविक अर्ध्या तक्रारींचा निकाल त्या खुणेवरच लागतो. खिडकीत

सी:\युजर्स\विद्यार्थी>

असे दिसत असेल, तर समोर विंडोजचा कमांड प्रॉम्प्ट आहे. त्याला फोल्डर बदलणे, फाईल दाखवणे, दुसरा प्रोग्राम सुरू करणे ही कामे समजतात. पायथनची भाषा समजत नाही. खिडकीत

>>>

अशी तीन बाणांची खूण दिसत असेल, तर पायथनचा इंटरप्रिटर, म्हणजे टंकलेले विधान वाचून लगेच चालवणारा भाग, सुरू झालेला आहे आणि त्याला केवळ पायथनची विधाने समजतात. मामलेदार कचेरीत जमिनीचा एक-चौदाचा उतारा मागायला आपण दाखल्यांच्या खिडकीसमोर उभे राहिलो, तर अर्ज बरोबर असूनही काम होत नाही. येथेही तसेच घडते.

चुकीच्या खिडकीची दोन उदाहरणे नेहमी आढळतात. पहिल्यात विद्यार्थी आधी पायथन सुरू करतो आणि मग तीन बाणांपुढे ‘पायथन माटोळी.पीवाय’ अशी ओळ टंकतो. इंटरप्रिटर ‘सिन्टॅक्सएरर: इनव्हॅलिड सिन्टॅक्स’ असे उत्तर देतो, आणि विद्यार्थी त्या फाईलमध्ये चूक शोधू लागतो. फाईल त्या वेळी उघडलेलीही नसते. ती ओळ कमांड प्रॉम्प्टसाठी होती. इंटरप्रिटरला एकापुढे एक ठेवलेली दोन नावे दिसली आणि मध्ये कोणतेही चिन्ह नसल्यामुळे त्याने ती नाकारली. उपाय सोपा आहे. ‘एक्झिट()’ टंकून, किंवा विंडोजवर कंट्रोल आणि झेड दाबून मग एंटर दाबून, इंटरप्रिटरमधून बाहेर पडावे आणि तीच ओळ कमांड प्रॉम्प्टला द्यावी. लिनक्सवर कंट्रोल आणि डी ही जोडी पुरते. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ आवृत्तीपासून कंसाशिवाय नुसते ‘एक्झिट’ टंकले तरी चालते. त्याआधीच्या आवृत्त्या बाहेर कसे पडायचे याची सूचना छापून तेथेच थांबतात.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. कमांड प्रॉम्प्टवर थेट ‘प्रिंट("नारळ")’ असे टंकले, की विंडोज पीआरएन नावाचे उपकरण सुरू करता येत नसल्याचे कळवते, आणि ‘आमच्याकडे प्रिंटर नाही, म्हणून पायथन चालत नाही का?’ असा प्रश्न येतो. प्रश्न हसण्यासारखा वाटला तरी तर्काला धरून आहे, कारण विंडोजमध्ये ‘प्रिंट’ नावाची स्वतःची एक जुनी आज्ञा आहे आणि ती खरोखरच छपाईयंत्र शोधते. लिनक्सवर ‘इम्पोर्ट’ या शब्दाने असाच घोटाळा होतो: इमेजमॅजिक हा चित्रांचा संच तेथे इन्स्टॉल असेल, तर पडद्याचे छायाचित्र घेण्यासाठी माऊसचा बाण क्रॉससारखा होतो.

तीन बाणांव्यतिरिक्त तीन टिंबांचीही एक खूण असते.

...

याचा अर्थ इंटरप्रिटर अडकलेला नसून विधान पुरे होण्याची वाट पाहत आहे. एखादा कंस बंद करायचा राहिला असेल, तिहेरी अवतरणचिन्ह उघडे असेल किंवा ‘फॉर’, ‘इफ’, ‘डेफ’ यांनी सुरू झालेला भाग चालू असेल, तर ही टिंबे येत राहतात. त्या भागाचा शेवट रिकाम्या ओळीवर एंटर दाबून करायचा असतो. उघड्या कंसाच्या बाबतीत मात्र कितीही वेळा एंटर दाबले तरी उपयोग होत नाही, कंसच मिटवावा लागतो. काय उघडे राहिले आहे ते कळत नसेल, तर कंट्रोल आणि सी दाबावे, म्हणजे तीन बाण परत येतात. खिडकी बंद करण्याची गरज नसते.

याच रिकाम्या ओळीमुळे आणखी एक त्रास होतो. ३.१३ पूर्वीच्या आवृत्त्यांत एखादे मोठे फंक्शन कोठूनतरी कॉपी करून इंटरप्रिटरमध्ये चिकटवले आणि त्यात मध्येच मोकळी ओळ असली, तर इंटरप्रिटर फंक्शन तेथेच संपले असे समजतो आणि पुढच्या ओळीच्या समासावर ‘इंडेंटेशनएरर: अनएक्स्पेक्टेड इंडेंट’ अशी त्रुटी देतो. तोच मजकूर फाईलमध्ये ठेवून चालवला की बिनतक्रार चालतो. नव्या इंटरप्रिटरमध्ये अनेक ओळी एकत्र चिकटवता येतात. दोन-चार ओळींपेक्षा मोठे काही असेल, तर ते फाईलमध्येच लिहावे हे बरे. इंटरप्रिटरमध्ये तयार केलेली व्हेरिएबल्स केवळ मेमरीत असतात, आणि आपल्याकडे पावसात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो.

पायथन सापडत नाही, किंवा स्टोअर उघडते

कमांड प्रॉम्प्टवर ‘पायथन’ टंकल्यावर पायथनऐवजी मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडणे हा प्रकार विंडोज १० च्या मे २०१९ च्या अद्ययावत आवृत्तीपासून सुरू झाला. तेव्हापासून विंडोज स्वतःबरोबर ‘पायथन’ नावाची एक नाममात्र फाईल देते. तिचे काम एवढेच, की पायथन इन्स्टॉल नसेल तर वापरणाऱ्याला स्टोअरच्या दारात नेऊन सोडणे. पायथन नसणाऱ्यासाठी ही सोय आहे; ज्याने पायथन आधीच अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घेतले आहे, त्याच्यासाठी मात्र ती अडथळा ठरते. अशा वेळी ‘पायथन वॉज नॉट फाऊंड’ असा संदेश येतो, आणि इन्स्टॉलेशन बिघडले अशी समजूत होते.

ही समजूत खरी की खोटी हे दोन मिनिटांत ठरवता येते. कमांड प्रॉम्प्टवर

पीवाय --व्हर्जन

असे टंकून पाहावे. ‘पीवाय’ हा विंडोजवरचा पायथनचा लाँचर असून तो ३.३ आवृत्तीपासून पायथनसोबत येतो. तो विंडोजच्या स्वतंत्र जागी ठेवला जात असल्यामुळे ‘पायथन’ ही आज्ञा चालत नसली तरी ‘पीवाय’ बहुतेक वेळा चालते. आवृत्तीचा क्रमांक छापून आला, तर पायथन व्यवस्थित आहे आणि केवळ त्याचा पत्ता विंडोजला ठाऊक नाही. पुढे

पीवाय --लिस्ट

या आज्ञेने संगणकावर असलेल्या सर्व आवृत्त्यांची यादी मिळते. ज्यांनी दोन-तीनदा इन्स्टॉल करून पाहिले आहे, त्यांनी ही यादी आवर्जून पाहावी.

पत्ता ठाऊक नसण्याचे कारण ‘पाथ’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये असते. कमांड प्रॉम्प्टला एखादी आज्ञा दिली, की तो पाथमध्ये नोंदवलेल्या फोल्डरांत क्रमाने त्या नावाची फाईल शोधतो आणि पहिली सापडेल ती चालवतो. पायथनच्या नेहमीच्या इन्स्टॉलरच्या पहिल्याच खिडकीत, तळाशी, पायथनला पाथमध्ये जोडण्याचा एक चौकोन असतो. त्यावर खूण आपोआप केलेली नसते, आणि घाईने ‘इन्स्टॉल नाऊ’ दाबणाऱ्याच्या नजरेतून तो नेमका सुटतो. हा चौकोन सुटला असेल, तर इन्स्टॉलर पुन्हा चालवून ‘मॉडिफाय’ निवडावे आणि पुढच्या पानावर पायथनला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये जोडण्याचा पर्याय घ्यावा. पायथन काढून टाकण्याची गरज नाही.

त्यानंतर जुनी कमांड प्रॉम्प्टची खिडकी बंद करून नवी उघडावी. हे वाक्य साधे वाटते, परंतु येथे अनेकांचा अर्धा दिवस जातो. पाथची किंमत खिडकी उघडताना एकदाच वाचली जाते. आधीपासून उघड्या असलेल्या खिडकीला नंतरचा बदल कळत नाही. कोड लिहिण्याच्या एडिटरमधले टर्मिनल वापरत असाल, तर संपूर्ण एडिटर बंद करून पुन्हा उघडावा लागतो.

एवढे करूनही स्टोअरच उघडत असेल, तर पाथच्या क्रमात ती नाममात्र फाईल पुढे आहे. सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅप एक्झिक्युशन अलायसेस’ या नावाचे पान शोधावे आणि तेथे पायथन व पायथन३ या नावांपुढची कळ बंद करावी. कोणती फाईल आधी सापडते हे पाहायचे असल्यास

व्हेअर पायथन

ही आज्ञा द्यावी. उत्तरात सर्वांत वर जो मार्ग दिसतो, तीच फाईल चालते. त्या मार्गात ‘विंडोजअ‍ॅप्स’ हे नाव असेल आणि पायथन स्टोअरमधून घेतलेले नसेल, तर दोषी सापडला. येथे एक बारकावा सांगायला हवा: ही आज्ञा पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजच्या आज्ञा देण्याच्या दुसऱ्या खिडकीत, काहीच छापत नाही, कारण तेथे ‘व्हेअर’ हा शब्द दुसऱ्याच कामासाठी राखलेला आहे. पॉवरशेलमध्ये ‘व्हेअर.ईएक्सई पायथन’ असे पूर्ण नाव द्यावे.

लिनक्सवर प्रश्न निराळा आहे. पायथनच्या दुसऱ्या पिढीचा पाठिंबा १ जानेवारी २०२० रोजी संपला, आणि आज डेबियन वा उबुंटूसारख्या प्रणालींत नुसती ‘पायथन’ ही आज्ञा सहसा नसतेच. ‘पायथन३’ असे टंकावे लागते.

पॅकेज इन्स्टॉल झाले, तरी ‘मॉड्यूल नाही’

पॅकेजे, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, आणण्याचे पायथनचे साधन म्हणजे पिप. ‘पिप इन्स्टॉल’ यशस्वी झाल्याचा संदेश येतो आणि लगेच प्रोग्राम चालवल्यावर ‘मॉड्यूलनॉटफाऊंडएरर’ येते, तेव्हा जवळजवळ नेहमीच पिप एका पायथनचे आणि प्रोग्राम दुसऱ्या पायथनवर चालत असतो. पॅकेज इन्स्टॉल झालेले असते. ते शेजारच्या पायथनच्या घरी गेलेले असते. यावर उपाय म्हणून पिपला स्वतंत्रपणे हाक न मारता

पायथन -एम पिप इन्स्टॉल पॅकेजचे-नाव

अशी आज्ञा द्यावी. ‘-एम’ या पर्यायामुळे ज्या पायथनला हाक मारली त्याचेच पिप चालते, आणि शंकेला जागा राहत नाही. ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी, असे मी आग्रहाने सांगतो. प्रोग्राम कोणत्या पायथनवर चालत आहे याची खात्री करायची असेल, तर प्रोग्रामच्या सुरुवातीला ‘सिस’ मॉड्यूल आणून ‘सिस.एक्झिक्युटेबल’ छापावे, मिळालेला मार्ग आणि कमांड प्रॉम्प्टवरच्या

पायथन -सी "इम्पोर्ट सिस; प्रिंट(सिस.एक्झिक्युटेबल)"

या ओळीने मिळालेला मार्ग एकच आहे का ते ताडून पाहावे. वेगळे असतील, तर एडिटरने स्वतःसाठी दुसरे पायथन निवडलेले आहे.

नव्या लिनक्स प्रणालींवर, उदाहरणार्थ डेबियन १२ वर, पिप वापरू गेल्यास ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ असे सांगून काम नाकारले जाते. प्रणालीची स्वतःची साधने त्याच पायथनवर अवलंबून असल्यामुळे हा नकार मुद्दाम ठेवलेला आहे. तो मोडून काढण्याचा पर्याय उपलब्ध असला तरी वापरू नये. ‘पायथन३ -एम व्हेन्व्ह’ या आज्ञेने प्रकल्पासाठी वेगळे आभासी वातावरण, म्हणजे त्या प्रकल्पापुरता पॅकेजांचा स्वतंत्र फोल्डर, तयार करून त्यात पॅकेजे घ्यावीत. विंडोजवर असे वातावरण पॉवरशेलमधून चालू करताना स्क्रिप्ट चालवण्यास मनाई असल्याचा लाल संदेश आला, तर तेच काम कमांड प्रॉम्प्टमधून करावे. तेथे ही मनाई आड येत नाही.

कोणत्या फोल्डरमधून?

‘कान्ट ओपन फाईल’ आणि त्यापुढे ‘नो सच फाईल ऑर डिरेक्टरी’ असा संदेश आला, तर पायथन उत्तम चालत आहे आणि त्याने फाईलचा शोधही घेतला आहे, एवढे निश्चित समजावे. फाईल त्या फोल्डरमध्ये नाही, इतकेच. कमांड प्रॉम्प्ट सहसा वापरणाऱ्याच्या मुख्य फोल्डरमध्ये उघडतो, तर फाईल डेस्कटॉपवर किंवा डाऊनलोड्समध्ये असते. ‘डीआयआर’ ही आज्ञा देऊन त्या जागी काय आहे ते पाहावे आणि ‘सीडी’ने योग्य फोल्डरमध्ये जावे. फाईल दुसऱ्या ड्राईव्हवर असेल तर ‘सीडी /डी’ असे लिहावे लागते. नुसत्या ‘सीडी’ने ड्राईव्ह बदलत नाही आणि चूक झाल्याचेही कळत नाही. फोल्डरच्या नावात मोकळी जागा असेल, तर पूर्ण मार्ग दुहेरी अवतरणात ठेवावा.

सर्वांत सोपा मार्ग मात्र वेगळाच आहे. फाईल एक्सप्लोररमध्ये तो फोल्डर उघडावा, वरच्या पत्त्याच्या पट्टीत ‘सीएमडी’ ही तीन अक्षरे टंकून एंटर दाबावे. कमांड प्रॉम्प्ट त्याच फोल्डरमध्ये उघडतो. वनड्राईव्ह चालू असलेल्या लॅपटॉपवर डेस्कटॉप हा फोल्डर बरेचदा वनड्राईव्हच्या पोटात हलवलेला असतो, त्यामुळे ‘सीडी डेस्कटॉप’ केल्यावर रिकामाच फोल्डर दिसतो किंवा सापडत नाही. वरील युक्तीने तो प्रश्नही उरत नाही.

फाईल डोळ्यांना दिसते पण पायथनला सापडत नाही, असे असेल तर तिचे खरे नाव तपासावे. नोटपॅडमध्ये जतन केलेल्या फाईलला शेवटी ‘.टीएक्सटी’ हे शेपूट लागलेले असते, आणि विंडोज ते दाखवत नाही. ‘डीआयआर’च्या यादीत मात्र माटोळी.पीवाय.टीएक्सटी असे पूर्ण नाव उघड होते.

फाईलच्या नावामुळे होणारी दुसरी फजिती अधिक विचित्र आहे. एखाद्याने फासे टाकण्याचा खेळ लिहिला आणि फाईलला ‘रँडम.पीवाय’ असे नाव दिले, तर ‘इम्पोर्ट रँडम’ या ओळीवर पायथन आपल्या भांडारातले मॉड्यूल न आणता ही विद्यार्थ्याचीच फाईल आणतो, कारण मॉड्यूल शोधताना प्रोग्रामचा स्वतःचा फोल्डर सर्वांत आधी पाहिला जातो. मग त्या मॉड्यूलमध्ये अमुक गुणधर्मच नाही अशी त्रुटी येते. ३.१३ पासून संदेशातच नाव बदलण्याची सूचना असते. जुन्या आवृत्तीत ती स्वतः ओळखावी लागते. फाईलचे नाव बदलणे एवढाच उपाय आहे.

फाईलवर दोनदा क्लिक केल्यावर काळी खिडकी क्षणभर दिसून नाहीशी होते, ही तक्रार खरे तर तक्रारच नव्हे. प्रोग्राम चालतो, संपतो, आणि खिडकी बंद होते. कमांड प्रॉम्प्टमधून चालवला की निकाल समोर राहतो. प्रोग्राम संपल्यावर त्यातली व्हेरिएबल्स चाचपून पाहायची असतील, तर ‘पायथन -आय माटोळी.पीवाय’ असे चालवावे. फाईल पूर्ण झाल्यावर तीन बाण येतात आणि सर्व किमती हाताशी असतात. चूक शोधण्यासाठी हा पर्याय फार मोलाचा आहे, तरी वर्गात त्याचा उल्लेख क्वचित होतो.

देवनागरी मजकूर आणि अर्धवट चालणारे प्रोग्राम

मराठीत काम करणाऱ्यांना जी अडचण सर्वांत जास्त छळते आणि जिच्याविषयी इंग्रजी पाठ्यपुस्तकांत एखादीच ओळ असते, ती येथे थोडी विस्ताराने मांडतो. समजा, गोव्यातल्या तालुक्यांची नावे एका साध्या मजकूर फाईलमध्ये आहेत आणि प्रोग्राम ‘ओपन’ वापरून ती वाचतो. फाईलमध्ये पेडणे, डिचोली, फोंडा, काणकोण एवढीच नावे असताना प्रोग्राम त्रुटी न देता चालतो, पण पडद्यावर डोक्यावर तिरप्या रेघा असलेली रोमन अक्षरे आणि चलनाची चिन्हे यांचा कचरा उमटतो. त्यात सत्तरी किंवा बार्देश हे नाव वाढवले, की प्रोग्राम ‘युनिकोडडीकोडएरर’ देऊन बंद पडतो आणि ‘८डी’ हा बाइट उलगडता येत नसल्याचे सांगतो. मुरगाव वाढवल्यास बंद पडतोच, पण बाइट ‘८१’ असल्याचे सांगतो. वापरणाऱ्याला वाटते, त्या विशिष्ट ओळीत टंकनाची काही चूक आहे. तो ती ओळ पुन्हा टंकतो आणि त्रुटी तशीच राहते.

कारण असे आहे. फाईल यूटीएफ-८ पद्धतीने साठवलेली असते, आणि त्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. विंडोजवरचे पायथन मात्र वेगळे काही सांगितले नसल्यास फाईल विंडोजच्या स्थानिक संकेतपद्धतीने वाचते, आणि इंग्रजी विंडोजवर ती बहुधा सीपी१२५२ ही पश्चिम युरोपीय पद्धत असते. तिच्यात प्रत्येक बाइट हेच एक अक्षर समजले जाते, म्हणून कचरा उमटतो. शिवाय २५६ पैकी पाच बाइटांना, म्हणजे ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी यांना, तेथे कोणतेच अक्षर नेमून दिलेले नाही. देवनागरीतल्या हलन्ताच्या चिन्हाचा शेवटचा बाइट नेमका ८डी आहे आणि ऱ्हस्व उकाराचा ८१. म्हणजे ज्या नावात जोडाक्षर किंवा ऱ्हस्व उकार आहे ते नाव प्रोग्राम बंद पाडते. ज्यात नाही ते मुकाट्याने विद्रूप होते. ‘ए’चा शेवटचा बाइट ८एफ आणि ‘झ’चा ९डी असल्यामुळे ही अक्षरेही त्याच पंक्तीत बसतात. ओळीत चूक नसते. संकेतपद्धत चुकीची असते.

उपाय प्रोग्राममध्येच करावा. फाईल उघडताना ‘ओपन’च्या कंसात एन्कोडिंग="यूटीएफ-८" असे स्पष्ट लिहावे, वाचताना आणि लिहिताना दोन्ही वेळा. एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ या प्रकारात काढलेल्या फाईलच्या आरंभी एक अदृश्य खूण असते, आणि तिच्यामुळे पहिल्या स्तंभाचे नाव जुळत नाही. तेथे ‘यूटीएफ-८-सिग’ असे लिहावे. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम बदलता येत नसेल, तर

पायथन -एक्स यूटीएफ८ माटोळी.पीवाय

असे चालवावे. या ओळीतला ‘एक्स’ मोठ्या अक्षरात टंकायचा आहे. हाच परिणाम कायम हवा असेल, तर पायथनयूटीएफ८ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, संपूर्ण मोठ्या अक्षरांत, १ या किमतीसह नोंदवावे. ही सोय ३.७ पासून आहे, ३.१५ आवृत्तीपासून यूटीएफ-८ हीच मूळ पद्धत करण्याचे ठरलेले आहे.

पडद्यावर मजकूर बरोबर दिसतो, पण

पायथन माटोळी.पीवाय > निकाल.टीएक्सटी

असे करून तो फाईलमध्ये वळवला की ‘युनिकोडएन्कोडएरर’ आणि ‘चारमॅप’ हे शब्द येतात, याचे मूळही तेच आहे. ३.६ पासून पायथन विंडोजच्या पडद्यावर युनिकोडमध्येच छापतो, परंतु निकाल फाईलकडे वळवल्यावर पुन्हा स्थानिक पद्धत लागू होते. वरील ‘-एक्स यूटीएफ८’ येथेही लागू पडते. जुन्या पॉवरशेलमध्ये मात्र वळवताना मजकुराची आणखी एकदा मोडतोड होऊ शकते, म्हणून निकाल प्रोग्राममधूनच फाईलमध्ये लिहिणे अधिक सुरक्षित.

पडद्यावर अक्षरांऐवजी चौकोन दिसत असतील, तर तो पायथनचा दोष नव्हे. त्या खिडकीच्या फाँटमध्ये देवनागरी नाही. निकाल फाईलमध्ये लिहून ती नोटपॅडमध्ये उघडली की मजकूर शाबूत असल्याचे दिसते.

मराठी टंकनाशी निगडित तीन लहान गोष्टी येथेच नोंदवतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा वर्डमधून कॉपी केलेल्या कोडमध्ये सरळ अवतरणांऐवजी वळणदार अवतरणे येतात, आणि पायथन ‘इनव्हॅलिड कॅरेक्टर’ म्हणून ती नाकारतो. ती हाताने पुन्हा टंकावीत. देवनागरी अंक कोडमध्ये थेट संख्या म्हणून चालत नाहीत, मात्र ‘इन्ट("२५")’ असे अवतरणात दिले तर पायथन त्यातून पंचवीस ही संख्या बिनचूक काढतो. व्हेरिएबलचे नाव देवनागरीत ठेवण्यास तिसऱ्या पिढीपासून मुभा आहे, परंतु काही कळफलक ‘शेतकऱ्यांची’ अशा शब्दातला अर्धा र साधण्यासाठी मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात आणि पायथन ते ‘यू+२००डी’ असा उल्लेख करून नाकारतो. ओळ डोळ्यांना निर्दोष दिसत असताना त्रुटी का येते, हे या क्रमांकावरून ओळखावे. मजकुरात देवनागरी अवश्य वापरावी. नावांत रोमन लिपी ठेवणे सोयीचे जाते.

याउपर अडचण राहिली आणि कोणाला विचारायचे झाले, तर पडद्याचा तिरपा फोटो पाठवू नये. खिडकीतला मजकूर माऊसने निवडून कॉपी करावा. आज्ञा दिलेली ओळ तिच्या डावीकडच्या खुणेसह, त्रुटीचा संपूर्ण मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत, आणि ‘पीवाय --लिस्ट’ व ‘व्हेअर पायथन’ या दोन आज्ञांची उत्तरे पाठवावीत. मजकुरात आपल्या वापरकर्त्याचे नाव किंवा एखादा पासवर्ड आला असेल, तर तो पाठवण्यापूर्वी पुसावा.